५४० रुपयांचा फरक आणि तुझे दोन तारे

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस की एकमेकांभोवती फिरणाऱ्या तुझ्या त्या दोन ताऱ्यांची एनर्जी कमी होतेय, आणि आइनस्टाइनच्या हिशोबाशी आकडा जुळतोय ना, मग विषय संपला, ती एनर्जी गुरुत्वीय लहरीच, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे ते तरंगच, घेऊन जातात. मी नुसतं हं म्हटलं कारण तिकडे कुकर बोंबलत होता, पण रात्रभर ते डोक्यातून जाईना.

पतसंस्थेत असताना एका मार्चला तेरजेत, म्हणजे जमा-नावे जुळवायच्या तक्त्यात, ५४० चा फरक यायला लागला. आता फरकाला ९ ने भाग गेला की कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५२८५ चे ५८२५ झालेत, हे आम्हाला पाठ. मग काय, तीन दिवस सगळे उलटे आकडे हुडकत बसलो, आणि शेवटी निघालं काय तर खतावणीची दोन पानं चहाने चिकटलेली नि आत एक अख्खं खातं, बाकी बरोब्बर ५४०! कारण इतकं फिट्ट बसत होतं ना, की दुसरीकडे बघायचं सुचलंच नाही कुणाला.

म्हणून तुझ्या त्या पल्सारचं, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओचे ठोके देणाऱ्या ताऱ्याचं, जरा वाचलं. १९७४ ला आरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३०५ मीटरच्या डिशवर हल्स आणि टेलरना सापडलेली जोडी, पावणेआठ तासात एकमेकांभोवती एक फेरी, आणि एनर्जी जातेय म्हणून त्या फेरीचा वेळ वर्षाला सेकंदाच्या साधारण ७६ दशलक्षांश भागाने कमी होतोय. एवढुसा फरक, पण तो दुसऱ्या कुठल्या खात्यात जात असेल का हे त्या लोकांनी खरंच बघितलंय गं. जोडीदार मोठा ढिला तारा असता तर भरती-ओहोटीसारख्या ओढाताणीत एनर्जी उष्णता होऊन गेली असती, पण इथे दोघंही न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे घट्ट दाबलेले गोळे, सूर्यापेक्षा जड आणि रुंदी जेमतेम २० किलोमीटर, म्हणजे मळायला कणीकच नाही! वाऱ्यासारखं वस्तुमान चारी बाजूंनी उडून जात असेल म्हणावं तर त्याने कक्षा उलट मोठी होते, हिशोब वजाचा आणि नोंद जमेची.

मला सगळ्यात आवडलं ते आपल्या आकाशगंगेचं. आपण आणि ती जोडी आकाशगंगेत वेगवेगळ्या ठिकाणी फिरतोय, त्यामुळे फेरीचा वेळ कमी होत नसला तरी थोडा कमी होतोय असं दिसतं. टेलर आणि दामूर यांनी १९९१ ला तो भाग काढला, साधारण एक टक्का. बँक चार्जेस वजा करतो ना तसंच. तो काढल्यावर आइनस्टाइनच्या आकड्याशी फरक राहतो ०.२ टक्क्याच्या आसपास.

पण एक खातं मला अजून नीट कळलेलं नाहीये, तेवढं सांग. काही थिअऱ्यांमध्ये गुरुत्वाकर्षणासोबत आणखी एक क्षेत्र असतं म्हणे, आणि त्यातून डायपोल रेडिएशन निघतं, म्हणजे एनर्जी जायची आणखी एक वाट, पण दोन तारे एकसारखे असले की ते जवळपास कटतं. आणि हे दोघे तर सूर्याच्या १.४४ आणि १.३९ पट, जुळेच म्हणायचे. मग या जोडीत ते खातं रिकामं दिसणारच की! म्हणूनच पल्सार आणि श्वेतबटू (विझलेला, पण न्यूट्रॉन ताऱ्याहून खूप मोठा नि विरळ तारा) अशा विजोड जोड्या तपासतात ना? तसंच असेल तर कालचं तुझं "विषय संपला" तू एकाच जोडीवर म्हणालीस, ते मला मान्य नाही.

रविवारी फोन कर, कुकर लावायच्या आधी. आणि मेसचे पैसे भरलेस का?

तुझी,
आई