चॅरिटी रन आहे म्हणून वादळात पळवायचं का?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्या कोल्हापुरात डायलिसिसच्या गरीब पेशंटसाठी एक चॅरिटी रन झाली, पाच किलोमीटर आणि दहा किलोमीटर. आयोजकांचं नाव घेत नाही कारण काम चांगलं आहे, माणसं पण ओळखीची आहेत, आणि मला भांडायचं नाहीये. पण त्या दिवशी जे चाललं होतं ते बघून गप्प बसवेना म्हणून लिहितोय. रन ठेवली होती संध्याकाळी पाचला. आता कोल्हापुरात मे महिन्यात संध्याकाळी पाच म्हणजे काय हे शेंबड्या पोराला पण माहिती आहे, दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग चढतात आणि तीन-चार नंतर कधीही वळीव आदळतो. सकाळी सहाला ठेवली असती तर निम्मा प्रश्न तिथंच मिटला असता, पण प्रमुख पाहुण्यांना सकाळची वेळ जमत नव्हती म्हणे.

हवामान खात्याचा यलो अलर्ट सकाळपासून होता. चारच्या सुमारास पश्चिमेला काळंकुट्ट झालं, वारा सुटला, आणि आमचा निवेदक माइकवरून काय म्हणतोय तर "वरुणराजा पण आपल्या चांगल्या कामाला आशीर्वाद द्यायला आलाय". लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गारा, मग विजा, स्टार्टची हवा भरलेली कमान आडवी झाली, ती चार पोरांनी धरून उभी केली आणि तिच्याखालूनच पाच किलोमीटरवाल्यांना सोडलं. कुणाला काही झालं नाही हे नशीब. पण नशिबाच्या भरवशावर इव्हेंट करतात का हो?

मी रद्द करा म्हटल्यावर मला जे उत्तर मिळालं तेच ह्या पत्राचं खरं कारण आहे. "अहो पेशंटचे पैसे आहेत, कॅन्सल कसं करणार?" इथंच घोटाळा आहे. पैसे रनच्या दिवशी येतच नाहीत ना! एन्ट्री फी महिनाभर आधी ऑनलाइन जमा झालेली असते, स्पॉन्सरचे चेक आलेले असतात, ज्यांनी ओळखीपाळखीत फिरून देणग्या गोळा केल्या त्यांचं काम झालेलं असतं. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून चालूय, तिथं पण सामाजिक संस्थांसाठी रनर लोक निधी गोळा करतात तो रेसच्या कितीतरी आधीपासून. त्यामुळे रन झाली नाही म्हणून पेशंटचा एक रुपया कमी होत नाही, फक्त "रिफंड मागणार का" एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर फॉर्मवरच लिहून टाकता येतं, की हवामानामुळे रद्द झालं तर फी परत मिळणार नाही, ती संस्थेला जाईल, टी-शर्ट आणि मेडल कार्यालयातून घेऊन जा. चॅरिटीसाठी आलेला माणूस ह्याला नाही म्हणेल असं मला तरी वाटत नाही. आणि ज्याला पळायचंच आहे त्यानं पुढच्या रविवारी आपापल्या रस्त्यावर पळावं, 2020 च्या कोरोनात लंडन मॅरेथॉनवाल्यांनी हेच केलं, हजारो लोकांनी आपापल्या गावात, गल्लीत 26.2 मैल पूर्ण केले.

काही जण म्हणतील खरा रनर पावसाला घाबरत नाही. बरोबर आहे, पावसात पळायला मला पण आवडतं, साताऱ्यात यवतेश्वरचा घाट भिजत चढायची मजा ज्यांनी घेतलीय त्यांना सांगायला नको. पण पाऊस वेगळा आणि वीज-वारा वेगळा. बोस्टन मॅरेथॉनला 2018 मध्ये थंडगार पाऊस आणि समोरून वारा होता तर भलेभले एलिट रनर अर्ध्यातून बाहेर पडले, अमेरिकेची देझिरी लिंडेन टिकली आणि बायकांची रेस जिंकली. ती सगळी तयारीची माणसं. आमच्या चॅरिटी रनला कोण येतं? साठीपुढच्या मावश्या, बाबागाडीत पोरगं घेऊन आलेले आई-बाप, ऑफिसनं जबरदस्तीनं पाठवलेले लोक, ज्यांनी आयुष्यात पाच किलोमीटर चाललेलं नाही ते. फास्ट रनर पंचवीस मिनिटात संपवून गाडीत जाऊन बसतो, ह्या लोकांना एक-सव्वा तास लागतो, म्हणजे सगळ्यात कच्चा माणूस सगळ्यात जास्त वेळ वाऱ्यात, ओल्या कॉटनच्या टी-शर्टात.

आणि त्यांच्याहून जास्त वेळ कोण उभं असतं माहितीय? पाणी वाटणारी कॉलेजची पोरं-पोरी. ह्यांचा कुणी विचारच करत नाही. दुपारी तीनला टेबल लावायला येतात आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत हलायचं नाही असं सांगितलेलं असतं. त्या दिवशी एक वॉटर पॉइंट मोठ्या झाडाखाली होता, सावलीसाठी, आणि विजा चालू झाल्यावर पोरी त्याच झाडाच्या बुंध्याला चिकटून उभ्या, कारण दुसरीकडं जायचं कुठं हे कुणी सांगितलंच नव्हतं! रनर स्वतःच्या मर्जीनं थांबू शकतो, त्या पोरी सरांना विचारल्याशिवाय जागा सोडू शकत नाहीत. बंदोबस्ताचे पोलीस आणि होमगार्ड यांचं पण तेच. मग वादळात उभं राहायचा निर्णय ह्यांच्या वतीनं कुणी घेतला?

चीनमध्ये गान्सू प्रांतात 22 मे 2021 ला 100 किलोमीटरची डोंगरातली शर्यत होती, सकाळी निघताना ठीक होतं, दुपारी एकदम वारा, गारपीट आणि थंडी, 172 पैकी 21 रनर गेले, त्यात लियांग जिंगसारखा देशातला नामांकित अल्ट्रा रनर (मॅरेथॉनपेक्षाही लांब पळणारा) पण होता. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट कंपल्सरी नव्हतं. सहा जणांना एका मेंढपाळानं गुहेत नेऊन वाचवलं. आमची पाच किलोमीटरची रन कुठं आणि ते कुठं हे मला कळतंय, पण हवा बदलायला किती वेळ लागतो ते त्यात दिसतं. आणि डोंगरच कशाला, 13 मे 2024 ला घाटकोपरला धुळीच्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग पडून 17 माणसं गेली, तोही मे महिना आणि तीही दुपारनंतरचीच वेळ. आपल्या रनच्या रस्त्यावर किती होर्डिंग, किती फ्लेक्स, किती कमानी असतात ते मोजा एकदा. त्यात ओल्या जमिनीवरून जनरेटरच्या आणि स्पीकरच्या वायरी.

न्यूयॉर्कमध्ये 2012 ला सँडी वादळानंतर महापौर ब्लूमबर्ग म्हणत होते मॅरेथॉन होणारच, लोक चिडले, शेवटी रविवारची रेस शुक्रवारी रद्द केली, तोपर्यंत परगावचे रनर येऊन पोचले होते. त्यातले बरेच जण मग वादळाचा फटका बसलेल्या स्टेटन आयलंडला सामान घेऊन मदतीला गेले. उलट इंग्लंडमध्ये पोर्ट्समथची ग्रेट साउथ रन 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अॅश्ली वादळामुळे आधीच रद्द केली, ती पण चॅरिटीसाठी धावणाऱ्यांनी भरलेली रेस. समुद्राकाठी वारा किती असणार हे कळल्यावर विषय संपला.

आपल्याकडं हे अवघड नाही हो. हवामान खातं जिल्ह्यासाठी पुढच्या तीन तासांचा अंदाज देतं, फुकट. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, 20 ते 40 किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडत असेल तर मोबाइलवर सांगतं, तेही फुकट. आणि नेट नसेल तर वीज चमकल्यावर आकडे मोजा, 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे, थांबा, पक्क्या इमारतीत किंवा बंद बसमध्ये सगळ्यांना न्या (मांडव चालत नाही, झाड तर अजिबात नाही), आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणाला बाहेर सोडू नका. बक्षीस समारंभ अर्धा तास लेट होईल. होऊ दे की, तसाही पाहुण्यांमुळे होतोच.

माझं म्हणणं एवढंच की परवानगी देताना महापालिकेनं आणि पोलिसांनी आयोजकाकडून एक कागद लिहून घ्यावा, त्यावर रद्द करायचा अधिकार कुणाचा ते एका माणसाचं नाव, आणि तो माणूस स्पॉन्सर किंवा निवेदक नसावा, शक्यतो डॉक्टर असावा. कमिटीवर सोडलं की दहा जण एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसतात आणि तेवढ्यात बंदूक वाजते. दुसरं, प्रत्येक वॉटर पॉइंटच्या जवळची पक्की इमारत ठरवून त्या पोरांना आधी दाखवून ठेवावी, आणि त्यांना सांगावं की वीज दिसली की टेबल सोडून जा, कुणाला विचारू नका.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर हे छापलेलं दिसलं तर माझी एन्ट्री पहिली असेल. ह्या वर्षीची देणगी रनच्या आधीच दिली आहे, तिची आयकर सवलतीची पावती मात्र अजून मिळालेली नाही, आयोजक हे पत्र वाचत असतील तर तेवढी पाठवून द्यावी.

आपला,
एक वाचक आणि हौशी रनर, कोल्हापूर