माळ्यावरची वाद्यं खाली उतरवा : कृष्णाकाठच्या गावांना आवाहन

स. न. वि. वि.

सांगली जिल्ह्यातल्या भजनी मंडळांचे विणेकरी, पखवाजी, शाहीर, गोंधळी, देवस्थानांचे पुजारी आणि पंच, तसेच गाव सोडून पुण्या-मुंबईला स्थायिक झालेली मंडळी, आपणा सर्वांना हे आवाहन आहे.

देवळाच्या माळ्यावर, तालमीच्या कोपऱ्यात, जुन्या वाड्याच्या फडताळात जी वाद्यं वर्षानुवर्षं पडून आहेत, ती आम्हाला हवी आहेत. पुडी (तोंडावर मढवलेलं कातडं) फाटलेला पखवाज, भाता फुटलेली पेटी, खुंट्या हरवलेला तंबोरा, कातडं सुटलेलं संबळ, काहीही चालेल. ती दुरुस्त करायची आणि ज्या गावात वाद्याअभावी भजन, गोंधळ किंवा शाहिरी थांबली आहे त्या गावाला वापरायला द्यायची, असं आमच्या वाद्यदुरुस्ती समितीनं ठरवलं आहे. त्यासाठी वाद्यांबरोबर सामान, पैसा आणि शिकायला तयार असलेले हात, तिन्ही लागणार आहेत.

गाणी वाचवायची तर त्यांचं ध्वनिमुद्रण करावं, वाद्यं कशाला, असं बरेच जण विचारतात. ध्वनिमुद्रण जरूर करावं. पण गावातलं गाणं नेहमी कुठल्या तरी वस्तूला बांधलेलं असतं. दारात पिठाची गिरणी आली, जातं बाजूला पडलं आणि जात्यावरची ओवी एका पिढीत थांबली. विहिरीवर इंजिन बसलं, मोट गेली, मोटेवरची गाणीही गेली. बायका किंवा मोटकरी गाणं विसरले नव्हते, गाण्याची जागा नाहीशी झाली होती. आज हीच पाळी पखवाजावर आली आहे. पुडी फाटते, नवी भरायला कुणी जवळ नसतं, पुढच्या सप्ताहाला पेनड्राइव्हवरचं भजन लागतं, आणि दोन-तीन वर्षांत वाजवणाऱ्याचा सराव सुटतो. सराव सुटला की वाद्य दुरुस्त करूनही उपयोग नाही, म्हणून घाई आहे.

आपल्या भागात गाण्यावाजवण्यानं काय काय काम केलं आहे ते थोडं आठवावं. वारकऱ्यांच्या टाळ-मृदंगानं लिहिता-वाचता न येणाऱ्यांपर्यंत अभंग पोचवले, भारुडानं हसतहसत समाजाचे कान उपटले. अफजलखानाच्या वधाचा, 1659 सालच्या प्रसंगाचा अज्ञानदासाचा पोवाडा डफ-तुणतुण्यावर गावोगाव गेला. वर्तमानपत्र नव्हतं तेव्हा बातमी अशीच फिरायची. 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर रंगभूमीवर आणलं. त्यात सूत्रधार पदं म्हणे आणि पात्रं बोलत. मराठी नाटक जन्मालाच गाणं घेऊन आलं. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, पुढं त्याचे जलसे (गाण्या-संवादातून प्रबोधन करणारे खेळ) तमाशाचाच बाज उचलून सातारा-सांगलीच्या खेड्यांत शिरले आणि सावकारी, भिक्षुकशाही, शिक्षण यांवर बोलले. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी 1944 मध्ये सहकाऱ्यांसह लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरीचा डफ सभेच्या आधी वाजू लागला. रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांच्या लावणीनं तमाशाचे फड जगवले.

आणि मिरज. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इथे रुजवली. त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि दरबारातलं गाणं सामान्य माणसाच्या शाळेत आणून बसवलं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत वास्तव्य केलं. 1937 मध्ये ते गेले तेव्हा त्यांना ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात दफन केलं, आणि उरुसात तिथे आजही गायन होतं. याच गावात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, हत्यारांना धार लावणारे शिकलगार तंबोरे आणि सतारी करू लागले, कारण संस्थानांची शस्त्रांची मागणी आटली होती आणि गाण्याची वाढली होती. फरीदसाहेब शिकलगारांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढे कारागीर हाताशी असताना पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या गावात पखवाज मुका पडावा, हे आम्हाला पटत नाही.

आता कामाचं बोलू. वाद्य बिघडतं कसं हे माहीत असेल तर निम्मी वाद्यं बिघडणारच नाहीत.

आमच्याकडे येणाऱ्या पखवाजांत सर्वाधिक नुकसान डाव्या पुडीचं असतं आणि त्याचं कारण कणीक. सूर खाली आणण्यासाठी वाजवण्याआधी पुडीच्या मधोमध पुरीएवढी ओली कणीक लावतात. भजन संपल्यावर ती खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून काढायला हवी. रात्र फार होते, पखवाज तसाच खुंटीला जातो, कणीक वाळून कातड्याला ओढते, आणि उंदीर तिच्या वासानं येऊन पुडीच कुरतडतात. उजव्या पुडीवरची शाई, म्हणजे मधला काळा गोल, वेगळ्या तऱ्हेनं मरते. लोहकिटाची बारीक पूड आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन प्रत्येक थर गुळगुळीत दगडानं घोटतात. घोटताना तिला बारीक चिरा पडतात. त्या दोष नव्हेत. त्यांच्यामुळेच शाई पुडीबरोबर हलते आणि नाद मोकळा येतो. तेलकट हात, अबीर-बुक्का, अभिषेकाचं पाणी त्या चिरांत गेलं की खपल्या उडू लागतात. खपली उडालेल्या जागी कुणी डिंक किंवा रंग भरू नये, पुडीच बदलावी लागते. उन्हाळ्यात कातडं आखडतं, तेव्हा सूर चढवायला गट्टे (वाद्यांखाली अडकवलेले लाकडी ठोकळे) हातोडीनं ठोकले तर गजऱ्यापाशी, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेपाशी, पुडी फाटते. आधी सूर बघा, मग आठही गट्ट्यांवर समोरासमोर थोडं थोडं ठोका. सगळा जोर एकाच गट्ट्यावर आला की सूर चारी बाजूंनी एक लागत नाही.

पेटीचं दुखणं बहुतेक वेळा भात्यात असतं. सगळे खटके, म्हणजे पुढची ओढायची बटणं, बंद करा, पट्टीला हात न लावता भाता दाबा. तो हळूहळू बसत गेला तर कुठे तरी हवा गळते आहे: घड्यांचं कापड विरलेलं असतं किंवा झडपेचं कातडं वाकलेलं. 39 पट्ट्यांची, दोन ओळींची पेटी म्हणजे 78 सूर, प्रत्येक सूर पितळेच्या पातळ जिभेचा. एखादा सूर बोलत नसेल तर जिभेखाली कण अडकलेला असतो. पातळ कागद हलक्या हातानं सरकवला की बरेचदा सुटतो. सूर चढवायचा तर जिभेचं टोक खरवडतात, उतरवायचा तर मुळापाशी. हे घरी करू नये, एक फटका जास्त झाला की जीभ तुटते आणि तशाच जाडीची दुसरी शोधणं अवघड असतं.

तंबोरा गावांत कमी, पण आहे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारांचे चर पडले की जवारी, म्हणजे सुराला गुंजन देणारा तिचा उतार, बिघडते. तारेखाली सुताचा धागा कितीही सरकवला तरी सूर गुंजत नाही, नुसता ठणठणतो. कानशीनं घोडीचा माथा पुन्हा नेमक्या उताराचा करावा लागतो आणि हे काम मिरजेत करून घेण्यासारखं आहे. भोपळ्याला तडा असेल तर त्यात लांबी (पुट्टी) किंवा इपॉक्सी भरून पाठवू नका. जुने कारागीर सरस (जनावराच्या कातड्या-हाडांचा डिंक) वापरतात, तो ऊब दिली की सुटतो आणि तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) उघडून आतून कापडाची पट्टी लावता येते. इपॉक्सीनं चिकटलेला सांधा उघडताना भोपळाच फुटतो.

2019 आणि 2021 च्या महापुरांनी भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात जे शिकवलं तेही सांगून ठेवतो, कारण पाणी पुन्हा येणार आहे. भिजलेलं वाद्य उन्हात ठेवू नका. बाहेरचं लाकूड आधी वाळतं, आतलं ओलंच राहतं, आणि वाद्याचं लाकडी खोड उभं चिरतं. गाळ स्वच्छ पाण्याच्या फडक्यानं पुसा, पखवाजाच्या वाद्या (पुड्या ताणणारे कातडी पट्टे) सैल करा, तंबोऱ्याच्या तारा उतरवा आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. पेटी वाजते का म्हणून भाता मारून बघण्याचा मोह आवरा, त्यानं गाळ थेट सुरांत जातो. झाकण उघडं ठेवून तशीच आमच्याकडे आणा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या वाद्यांना आतून बुरशी धरते, कोरडं सुती कापड बरं.

मदत कशी करावी? आम्ही रोख रकमेचा आकडा मागत नाही. एका पखवाजाच्या दोन पुड्या आणि वादी, एका पेटीचा भाता, एका तंबोऱ्याच्या चार तारा आणि जवारीची मजुरी, एका संबळाची जोडी मढवून देणं, असा एकेका कामाचा खर्च एकेका घरानं, तरुण मंडळानं किंवा बचत गटानं उचलावा. कारागिराचं बिल थेट देणाऱ्याला दाखवलं जाईल, त्यानं हवं तर स्वतः चुकतं करावं. कारागिराची मजुरी पूर्ण द्यायची, धर्मादाय काम म्हणून कमी करायला लावायची नाही, ही आमची अट आहे. त्यांच्या मुलांनी हा धंदा धरावा असं वाटत असेल तर त्यात पोट भरलं पाहिजे.

महिला भजनी मंडळांसाठी विशेष मागणी आहे. पुरुषांचं भजन पेटीच्या काळी एक-दोन या खालच्या सुरात चालतं, बायकांना काळी चार-पाच हा वरचा सूर लागतो. मोठ्या तोंडाचा पखवाज तिथवर चढवला की पुडी जाते, नाही चढवला तर बायकांना सुरात बसता येत नाही. लहान तोंडाचे पखवाज कुणाकडे असतील तर ते आधी कळवा.

एक गोष्ट मात्र आम्ही स्वीकारणार नाही. जुन्या दिमड्या आणि खंजिऱ्या घोरपडीच्या कातड्यानं मढवलेल्या असतात, काही जुन्या घोड्या सांबरशिंगाच्या असतात. घोरपड आणि सांबर यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे. असं वाद्य घरात असेल तर विकू नका, कुणाला देऊ नका, वन विभागाचा सल्ला घ्या. नवीन दिमडी आम्ही शेळीच्या कातड्यानंच मढवून देतो.

दुरुस्त झालेलं वाद्य कुणाला मिळेल, हाही प्रश्न रास्त आहे. गावात निदान एक वाजवणारा आणि दोन शिकणारे असतील तरच वाद्य जाईल. त्यातली एक मुलगी असली तर त्या गावाचा नंबर आधी. वाद्य मंडळाच्या नावावर, वहीत सही करून. व्यक्तीच्या नावावर नाही. वर्षभर वाजलं नाही तर परत घेऊन पुढच्या गावाला. दात्याचं नाव वहीत राहील, वाद्यावर रंगवलं जाणार नाही, कारण खोडावर तेलरंग बसला की पुढच्या कारागिराला लाकडाची चीर दिसत नाही.

कामाचा हंगाम कार्तिक पौर्णिमेला काकडा संपल्यापासून गुढीपाडव्यापर्यंत आहे. पावसाळ्यात शाई वाळत नाही, सरस धरत नाही, कातडं ओढून बसत नाही, तेव्हा जूनमध्ये वाद्य आणून आषाढीआधी मागू नये ही विनंती. आणताना वाद्याला सोबत एक चिठ्ठी बांधा: गावाचं नाव, वाद्य कुठे वाजायचं, शेवटचं कधी वाजलं, वाजवणारे कुणी हयात आहेत का. ते हयात असतील तर त्यांनाही घेऊन या. पुडी चढवताना सूर कुठे बांधायचा हे त्यांनाच विचारायचं आहे, आणि त्यांच्या हातचे ठेके शिकणाऱ्या मुलांना समोर बसून घ्यायचे आहेत.

वाद्य आणि मदत आपल्या गावच्या भजनी मंडळाच्या विणेकऱ्यांकडे नोंदवावी. त्यांच्याकडून ती आमच्यापर्यंत येईल. पावती घेतल्याशिवाय वाद्य किंवा पैसे कुणाच्याही हाती देऊ नयेत.

आपले नम्र,
वाद्यदुरुस्ती समिती, मिरज परिसर