युरोपला निघालेल्या लेकीस

नौपाडा, ठाणे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या पासपोर्टच्या फाइलमध्ये, व्हिसाच्या झेरॉक्सच्या मागे ठेवतेय. ऐरोलीहून तू रात्री येतेस तेव्हा निम्मं लक्ष फोनमध्ये असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं तर अंगठा टाकून मोकळी होशील. कागद निदान विमानात तरी वाचशील. बाबांचं म्हणणं, मी उगाच तुझं डोकं खाते. म्हणू देत. माझा जन्म बँकेच्या कॅश काउंटरवर गेलाय, पैशावर चार शब्द बोलायचा हक्क या घरात मलाच आहे.

पाकीटमारांबद्दल फार सांगत नाही. ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरवर रोज संध्याकाळी उतरणाऱ्या मुलीला सॅक पुढे घ्यायला कोणी शिकवावं लागत नाही. पॅरिसच्या मेट्रोची एक नंबरची लाइन आणि रोममध्ये तेर्मिनी स्टेशनहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस, दोन्ही या बाबतीत बदनाम आहेत. तिथे आपलं ठाणे स्टेशन आठव, बाकी आपोआप जमेल. तिकडे सगळं स्वच्छ आणि सुंदर दिसतं म्हणून माणूस सैल पडतो, एवढंच.

मला काळजी आहे ती चोरून नेलेल्या पैशांची नाही, तू स्वतःच्या हाताने देशील त्या पैशांची.

आमच्या काउंटरवर अधूनमधून एक गृहस्थ यायचा. माणूस दरवेळी वेगळा, पण गृहस्थ तोच. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि वेळ बरोब्बर कॅश बंद व्हायच्या पाच मिनिटं आधीची. पाचशेच्या नोटा सरकवून शंभराच्या मागायचा. मी मोजून दिल्या की, "नको मॅडम, दोनशेच्याच द्या." त्यातल्या अर्ध्या परत करायचा, वर खिशातली आणखी एक पाचशेची टाकायचा, "हे एवढे धरा आणि मला वरचे हजार सुटे द्या," आणि सगळा वेळ तोंडाने चालू, "जरा लवकर हो, गाडी चुकेल." नवीन मुलगी काउंटरला असली की त्या संध्याकाळी कॅश टॅली व्हायची नाही. मी काय करायचे? ड्रॉवर बंद. त्याच्या सगळ्या नोटा त्याच्यापुढे, माझ्या माझ्यापुढे. "हं, आता पहिल्यापासून सांगा." पहिल्यापासून म्हटलं की त्याची गाडी खरोखरच यायची.

हा गृहस्थ तुला युरोपात भेटणार आहे. कधी माणूस म्हणून, कधी मशीन म्हणून. मशीनचं आधी सांगते, कारण ते कॅमेऱ्यासमोर, कायद्यात बसवून आणि पावती देऊन लुटतं.

समज, तू एटीएममधून २०० युरो काढते आहेस. पिन टाकलास की स्क्रीनवर येईल, तुमच्या खात्यातून इतके इतके रुपये कापले जातील, मान्य आहे का? रुपयांतला आकडा बघून आपल्याला बरं वाटतं, ओळखीचं कोणी भेटल्यासारखं. होकाराचं बटण मोठं आणि हिरवं असतं, नकाराचं कोपऱ्यात बारीक. ते बारीकच दाब. नकार दिला तर व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. युरो मिळतातच, फक्त रुपयाचा दर मशीनवाल्याच्या मर्जीचा न लागता तुझ्या कार्डाच्या नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो. मशीनवाल्याच्या दरात त्याची मलई आधीच कालवलेली असते, आणि ती थोडीथोडकी नसते. हॉटेलात वेटर कार्डाचं मशीन घेऊन आला तरी हाच प्रश्न येतो, आणि पुष्कळदा तोच तुझ्या वतीने बटण दाबून टाकतो. मशीन आपल्या हातात मागून घे. पॅरिसला आणि रोमला युरो, प्रागला कोरुना. रुपये कुठेही नाहीत. इथूनच आधी युरो भरून नेलेल्या फॉरेक्स कार्डावर रुपयांत बिल घेतलंस तर युरोचे रुपये आणि रुपयांचे पुन्हा युरो, म्हणजे दोनदा कात्री.

शिवाय एटीएम बँकेच्या भिंतीतलं बघ, बँक उघडी असतानाचं. कार्ड अडकलं तर आत जाऊन भांडता येतं. पर्यटकांच्या गल्लीत दुकानांच्या मधे एकटी उभी असलेली रंगीबेरंगी मशिनं लांबूनच बघायची.

आता प्राग. चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये असलं तरी तिथे युरो चालवत नाहीत, त्यांचा कोरुना आहे. मनी चेंजरच्या दुकानावर "० टक्के कमिशन" अशी पाटी दिसेल. खरंच घेत नाहीत कमिशन. दरातच कापतात. नोट पुढे करायच्या आधी विचार, ५० युरोचे हातात किती पडतील? आकडा कागदावर लिहून घे. तरीही फसलीस तर तिथे २०१९ पासून एक चांगला कायदा आहे : १,००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. पावती टाकू नकोस. (असा कायदा आपल्याकडच्या साड्यांच्या सेलला लागू व्हायला हवा.) रस्त्यात गाठून "चांगला दर देतो" म्हणणाऱ्याकडे तर बघूही नकोस. तो कोरुना म्हणून भलत्याच देशाच्या नोटा हातात ठेवतो. बेलारूसचे चलनातून गेलेले रुबल असे खपवल्याचे प्रकार तिथे झालेले आहेत. परकी नोट आपण ओळखत नाही, या एकाच भांडवलावर त्याचा धंदा चालतो. आणि त्याच्या पाठोपाठ साध्या कपड्यातला "पोलीस" येऊन पाकीट तपासायला मागेल. पाकीट द्यायचं नाही. "पोलीस स्टेशनला चला, तिथे दाखवते," म्हणायचं. पहिल्यापासून सांगा म्हटल्यासारखंच आहे हे.

पॅरिसला मोंमार्त्र टेकडीच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधायला येतात, कोणी बहिऱ्या-मुक्यांसाठी म्हणून सह्या मागतं, कोणाला तुझ्या पायाशी सोन्याची अंगठी सापडते. हात खिशात, चालणं चालू. तू स्वभावाने सगळ्यांना थांबून उत्तर देतेस, ते ठाण्यात बरं.

आता बरोबर काय न्यायचं. नियमाने एका ट्रिपला ३,००० डॉलरपर्यंतच्या परकीय नोटा नेता येतात, पण तुला तेवढ्या कशाला? ३०० युरो पुरे. प्रवासाच्या आधीच्या ६० दिवसांत कधीही घेता येतात, तेव्हा विमानतळासाठी ठेवू नकोस, तिथले दर सहसा सगळ्यांत वाईट. ठाण्यात परवाना असलेल्या दोघा-तिघा मनी चेंजरना फोन करून दर विचार, आणि दोघांना एकमेकांचा दर सांग. ५०,००० रुपयांच्या वरची रक्कम रोखीने देता येत नाही, पण तेवढी होणारच नाही तुझी. महत्त्वाचं म्हणजे नोटा कोणत्या घेतेस ते. काउंटरवाला जाडजूड रक्कम पटकन संपवायला १००च्या आणि २००च्या देऊ बघेल. घेऊ नकोस. तिकडे बेकरीवाला २००ची नोट बघून मान हलवतो. ५००ची तर २०१९ पासून नव्याने काढणंच बंद आहे. ५, १०, २० आणि थोड्या ५०च्या माग, त्याच्यासमोर मोज, फाटकी-चिकटवलेली असेल तर तिथेच परत कर. मोजताना तो बोलत राहिला तर पुन्हा पहिल्यापासून मोज. उरलेल्या नोटा परत आल्यावर १८० दिवसांत बँकेला द्यायच्या असतात, मात्र २,००० डॉलरपर्यंतच्या ठेवून घेता येतात, म्हणजे तुझे उरलेसुरले युरो पुढच्या ट्रिपला चालतील.

कार्डं तीन ने : फॉरेक्स कार्ड, क्रेडिट कार्ड आणि एक डेबिट. तिन्ही एका पाकिटात नाहीत! आपल्याकडच्या बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशातल्या खर्चावर ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेची वरकड लागते, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे हजार रुपयांच्या जेवणाला एक्केचाळीस रुपये वरून. युरोत खर्च केलास तर युरोच्या फॉरेक्स कार्डाला हे लागत नाही. पण त्याच कार्डाने प्रागला कोरुनात पैसे दिलेस की क्रॉस करन्सीचा, म्हणजे एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचा चार्ज बसतो. तेव्हा प्रागपुरतं कोणतं कार्ड स्वस्त, ते दोन्ही कार्डांचं चार्जेसचं पान काढून इथेच ठरव. बारीक टाइपात असतं, चष्मा माझा घे. हॉटेलचं डिपॉझिट मात्र क्रेडिट कार्डावरच द्यायचं. फॉरेक्स कार्डावर दिलंस तर ती रक्कम अडकून पडते, आणि सुटून परत दिसेपर्यंत तू ठाण्यात मिसळ खात असशील.

ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. अ‍ॅपमध्ये जाऊन आपण सुरू करायचे. निघायच्या आधी दुकानातले आणि एटीएमचे सुरू कर, मर्यादा कमी ठेव, लागेल तशी वाढव. ऑनलाइनचं मात्र तिकीट काढतानाच उघडायचं आणि लगेच बंद करायचं, कारण परदेशातल्या कितीतरी वेबसाइट ओटीपी मागतच नाहीत, कार्डाचे नंबर मिळाले की झालं. टॅप करून पैसे द्यायला तिकडे साधारण ५० युरोपर्यंत पिन लागत नाही, म्हणजे हरवलेलं कार्ड पंधरा मिनिटांत कोणीही दोन-चार वेळा टेकवू शकतो. कार्ड दिसेना झालं की आधी अ‍ॅपमधून बंद कर, मग शोध. तुझ्याबरोबर येणाऱ्या तनयाच्या बॅगेत सापडलं तर पुन्हा सुरू करता येतं.

आणि फोनच गेला तर? त्यासाठी कार्ड बंद करायचे नंबर कागदावर लिहून ठेव, आणि १८००वाले लिहू नकोस, ते बाहेरून बहुधा लागत नाहीत. कार्डाच्या मागे +९१ने सुरू होणारा नंबर असतो, तो. तीच यादी माझ्याकडे राहील. रात्री तीनला फोन केलास तरी चालेल, बाबांना उठवू नकोस, ते घाबरून आधी चहा टाकतात. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना तुझी ना बँकेची, आणि तू तीन कामाच्या दिवसांत कळवलंस, तर भुर्दंड तुझ्यावर नाही. पण पिन कार्डाच्या कव्हरवर लिहिलेला सापडला तर कोणी ऐकून घेणार नाही. (तुझ्या डेबिट कार्डाच्या कव्हरवर काय लिहिलंय ते मी बघितलंय. खोडून टाकलंय.) रोख चोरीला गेली तर त्याच दिवशी पोलिसांकडून लेखी नोंद घे. विमावाले पहिल्यांदा तोच कागद मागतात.

यूपीआयवर विसंबू नकोस. आयफेल टॉवरच्या तिकिटाला २०२४ पासून चालतं, ते फोटोपुरतं ठीक आहे.

जांभळी नाक्याच्या बोळातल्या टेलरकाकांकडून तुझ्या दोन्ही पँटींना चोरखिसा लावून आणलाय. माप बरोबर यावं म्हणून तुझा जुना पासपोर्ट नेला होता. तोंड वर न ठेवता आतल्या बाजूला, चेन आडवी, आणि कापड मऊ मलमलीचं, म्हणजे बोचणार नाही. त्यांनी शिलाईचे पैसे घेतले नाहीत, "तिकडून काहीतरी गोड आणायला सांगा" म्हणाले. खिशात डेबिट कार्ड आणि ५०च्या दोन नोटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेव, आणि त्या नाहीतच असं समज. दुकानात सगळ्यांसमोर तिथे हात घालायचा नाही, नाहीतर चोरखिशाला अर्थ काय?

आणखी एक. परवा आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर वाचलं असशीलच, अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, "आई, फोन हरवला, हा नवीन नंबर, तातडीने पैसे पाठव." आता हुबेहूब आवाजही काढतात म्हणे. तेव्हा असा मेसेज आला तर मी एक प्रश्न विचारीन. तो इथे लिहीत नाही, शनिवारी तोंडी ठरवू. उत्तर आलं नाही तर एक रुपया हलणार नाही, तू खरोखर रडत असलीस तरी. तुलाही कोणी भारतातल्या पोलिसांच्या किंवा कस्टमच्या नावाने फोन करून पार्सल आणि अटक असलं काही बोलायला लागला तर ठेवून दे. "डिजिटल अरेस्ट" नावाचा प्रकार आपल्या कायद्यात नाही, आणि दूतावास फोनवर पैसे मागत नाही.

एवढं वाचून तू तिकडे बिस्किटांवर दिवस काढशील, तर तेही नको. प्रत्येक कॉफीला रुपयांत गुणाकार करत बसू नकोस. खर्चाची मर्यादा इथे ठरव, तिकडे मजा कर. तनयाबरोबरचा हिशेब मात्र रोज रात्री मिटवा. पैशांपेक्षा मैत्रिणी लवकर तुटतात.

तुझी,
आई

ता. क. सुटी नाणी जवळ ठेव, तिकडे स्टेशनवरच्या स्वच्छतागृहालाही पैसे पडतात. परतताना मात्र एकही नाणं आणू नकोस, इथे कोणी बदलून देत नाही. रोमच्या विमानतळावर सगळी नाणी दुकानदारापुढे ओत आणि कमी पडतील तेवढे कार्डावर दे. टेलरकाकांचं गोड त्यातच होईल. बाबांना डार्क चॉकलेट नको, कडू लागतं म्हणतात.