भुसावळच्या काकांना, जाहीरपणे

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार. आमच्या रेल्वेतल्या पणजोबांचा माग तुम्ही लावून दिलात, त्याचे फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवून देता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. सूनबाई मोठ्याने वाचून दाखवतील, तेवढा वेळ तरी बसून राहा.

आमच्या घरात पणजोबांबद्दल दोनच गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या. एक अभिमानाची: आपल्या घराण्याने खंडाळ्याचे बोगदे खोदले. दुसरी दबक्या आवाजातली: पणजोबा ऐन नोकरीत कुठेतरी निघून गेले होते आणि काही दिवसांनी परत आले. का गेले, कुठे गेले, कुणी विचारायचं नाही. मूळ गाव म्हणाल तर "साताऱ्याकडे", एवढंच. एवढ्या भांडवलावर मी तुमच्या दारात आले, आणि तुम्ही चहा येण्याआधीच पहिल्या गोष्टीवर काट मारलीत.

तेव्हा थोडा राग आला होता, पण तुमचं म्हणणं बिनतोड होतं. खंडाळ्याच्या बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ ते १८६३ या काळातलं. १८६१ साली तिथे ४२,००० माणसं राबत होती. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. तिचं नाव आजही सांगता येतं. पण मजूर आणले मुकादमांनी, त्यांची मजुरी पडायची मुकादमाच्या हातात, आणि वर जाणाऱ्या हिशेबात नुसती डोकी. "ते रेल्वेचे नोकर नव्हतेच. पटकीने मेले त्यांचीसुद्धा नावं कुणी लिहिली नाहीत. तुमचे असतील त्यात, नसतीलही. कागद नाही, तर मी हो म्हणणार नाही," असं तुम्ही म्हणालात. आमच्याकडच्या एका लग्नाच्या स्मरणिकेत हा बोगदा ठळक अक्षरांत छापून झाला आहे, त्याचं काय करायचं ते मात्र तुम्ही सांगितलं नाहीत.

मग तुम्ही शोधाची दिशाच उलटी केलीत. मी पणजोबांची फाईल मागत एका कचेरीत खेटे घालत होते. तिथे "इतकं जुनं काही नाही" या पलीकडे उत्तर मिळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, मिळणारच नाही. रेल्वेत पेन्शन आली १९५७ ला. त्याआधीचा माणूस निवृत्त झाला की फंड हातात, हिशेब मिटला, फाईल मिटली. पण आजोबा त्यानंतर निवृत्त झाले, आजीला फॅमिली पेन्शन होती, म्हणजे आजोबांचे कागद कुठेतरी धरून ठेवलेले असणार. "आणि पोरगा भरती होताना बापाच्या नोकरीचा दाखला जोडतो. पणजोबा आजोबांच्या फाईलीत बसलेत." रेल्वेच्या पर्सोनेल ब्रांचमध्ये, म्हणजे नोकरांच्या फाईली सांभाळण्यात, उभी हयात घालवलेल्या माणसालाच हे सुचावं. आमच्या आत्याच्या ट्रंकेत, पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) खाली, रेल्वेच्या जुन्या पासांच्या गठ्ठ्यात पणजोबांच्या नोकरीचा तो उतारा खरंच होता.

तो कागद तुम्ही कसा वाचलात, ते मला लिहून ठेवायचं आहे. मी आडनाव शोधत होते. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत की इथे फक्त स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव आहे, आडनावाला जागाच नाही. पुष्कळांचं असंच लिहिलं जायचं, म्हणून आडनावाने शोधणारे रिकाम्या हाताने परत जातात. हुद्दा: खलाशी (जहाजावरचा नव्हे, इंजिनांच्या शेडमधला मजूर), लोको शेड, इगतपुरी. जन्मतारीख अंदाजाने. उंची पाच फूट चार इंच. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर जुना व्रण. सहीच्या जागी अंगठा. पणजोबांचा फोटो आमच्याकडे नाही, कुणी काढलाही नसेल. कुण्या कारकुनाने इंजिनांच्या धुरात उभं करून त्यांची उंची मोजली, चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक ओळ लिहिली. तेवढाच चेहरा आम्हाला मिळाला. माझ्या भावाने लगेच आरशात जाऊन स्वतःची भुवई पाहिली. का, ते त्यालाही सांगता आलं नाही.

आणि त्याच कागदावर, खाली: सेवेत खंड, फेब्रुवारी १९३० पासून. आत्या तिथेच थांबली. म्हणाली, हेच ते, निघून गेले होते ते. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, "निघून नाही गेले, बाई. हा जीआयपीचा संप आहे." जीआयपी, म्हणजे तेव्हाची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे; तिथल्या कामगारांचा मोठा संप. किती तरी जणांच्या कागदांवर याच महिन्याचा खंड तुम्ही पाहिलेला. गावोगावच्या घरांत त्याचा अर्थ काय लावला गेला असेल, देव जाणे. आमच्या घरात तरी तो पळपुटेपणा ठरला होता. पणजी बिचारी शेजारणींना काय सांगणार? की पगार बंद आहे, क्वार्टर जाईल की राहील माहीत नाही? "गावी गेलेत" म्हणाली असेल आणि तेच टिकलं. हा अर्थातच माझा अंदाज. तुम्ही यावरही म्हणाल, कागद नाही. पण आत्याचं वय ८० च्या पुढे आहे आणि त्या दिवसापासून ती तिच्या आजोबांची, म्हणजे माझ्या पणजोबांची, गोष्ट मोठ्या आवाजात सांगते, याची नोंद मी तरी करणार.

त्याच सुमारास इगतपुरीच्या घाटात विजेची इंजिनं आली, आणि पुढे पणजोबांची बदली भुसावळला झाली. या दोन्हींचा संबंध जोडायला तुम्ही मला मनाई केली आहे, म्हणून जोडत नाही.

गावाचा पत्ताही तुमच्यामुळेच लागला, आणि तोही एका वाक्यात. "इगतपुरीचा माणूस आईच्या अस्थी घेऊन कुठे जाणार? नाशिकलाच ना?" तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्यांचं, म्हणजे यजमानांच्या घराण्यांची नावं लिहिलेल्या वह्यांचं, मी ऐकून होते, पण आपल्यासारख्या खलाशाच्या घरचं तिथे काही असेल असं वाटलं नव्हतं. नाशिकला गेले. तिथल्या गुरुजींनी आडनाव विचारलं, तालुका विचारला, मला "साताऱ्याकडे" यापुढे सांगता येईना, तरी त्यांनी पोथीसारखी आडवी वही काढली आणि पानं उलटत राहिले. सापडलं तेव्हा त्यात आडनाव होतं, पाटण तालुक्यातलं गाव होतं, तिघा भावांची नावं, त्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं आणि शेवटी: हल्ली वस्ती इगतपुरी, नोकरी रेल्वे. जे रेल्वेने लिहिलं नाही ते उपाध्यांनी लिहिलं होतं.

पाटणच्या तहसील कचेरीतलं कोतवाल बुक (गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही) मोडी लिपीत होतं, त्यासाठी जाणकार शोधावा लागला. तिथे १९१८ च्या साथीत आमच्या घरातली दोन मरणं एकाच पानावर आहेत. त्याबद्दल भेटीत बोलू. गावात थोरल्या भावाचा वंश अजून नांदतो आहे. त्यांच्याकडे अशी आठवण की एक भाऊ "आगगाडीवर" गेला आणि मनीऑर्डरी यायच्या. किती साली थांबल्या, यावर तिथे दोन मतं आहेत आणि दोन्ही बाजू हट्टाला पेटलेल्या आहेत.

तुम्ही एक पैसा घेतला नाहीत. झेरॉक्सचे सुद्धा नाही. नामावळीच्या त्या पानाची प्रत रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, ती मात्र ठेवून घ्या.

आणि शेवटचं. गेल्या खेपेला बोलता बोलता तुमच्या तोंडून निघून गेलं की तुमचे स्वतःचे आजोबा फायरमन होते आणि त्यांचं मूळ गाव तुम्हालाही ठाऊक नाही. इतक्या लोकांच्या फाईली चाळल्यात, आपली राहून गेली. वडिलांची सर्व्हिस शीट आणि जुने पास असतील तेवढे काढून ठेवा. दिवाळीनंतर मी येते. या वेळी प्रश्न मी विचारणार, आणि कागद नसेल तर मीही हो म्हणणार नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
इगतपुरीच्या खलाशाची पणती