गडद हिरवे पान आणि ‘क’ जीवनसत्त्व

महोदय,

पालेभाजी जितकी गडद हिरवी तितकी सकस, असे सर्रास मानले जाते. हे निम्मेच खरे आहे. बीटा कॅरोटिन (यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते) आणि ‘के’ जीवनसत्त्व पानाच्या हरितलवकांत (पानाला हिरवा रंग देणाऱ्या सूक्ष्म कणांत) असतात, त्यामुळे हिरवेपणाबरोबर तीही वाढतात. ‘क’चे तसे नाही. कच्च्या पालकात १०० ग्रॅममागे ‘क’ साधारण २८ मिलिग्रॅम असते, तर फिकट कोबीत ३६ च्या आसपास. ‘के’च्या बाबतीत मात्र पालक कोबीच्या सहापट भरतो. कोबीतही ते बाहेरच्या हिरव्या पानांत जास्त, आणि नेमकी तीच आपण सोलून टाकतो.

‘क’ जीवनसत्त्व पान साखरेपासून घडवते आणि साखर उन्हावर तयार होते. युरियाचा हात सैल सुटला की पाला झपाट्याने वाढतो, काळाभोर दिसतो. पण साखर नवी वाढ आणि प्रथिने घडवण्यात खर्ची पडते, पान पाण्याने फुगते आणि दाटीत खालची पाने सावलीत जातात. ‘क’ घटते. शिवाय मुळांनी ओढलेल्या नायट्रेटचे (खतातल्या नत्राचे, म्हणजे नायट्रोजनचे, एक रूप) प्रथिनात रूपांतर व्हायलाही प्रकाश लागतो. ढगाळ हवेत किंवा दाट शेडनेटखाली (सावलीच्या जाळीखाली) ते तसेच साचते, देठांत सर्वाधिक. शेणखत घातले म्हणून यातून सुटका नाही. ते बेसुमार घातले तरी हेच होते.

म्हणून नत्र एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावे आणि काढणीआधीचा आठवडाभर तरी अजिबात देऊ नये. ढगाळ दिवसांत जाळी गुंडाळून ठेवावी. रोपे विरळ करावीत. शेवटचे दोन-तीन दिवस पाणी थोडे आखडते घेतले तर पानातले पाणी कमी होऊन सत्त्व दाट होते. मात्र पान मलूल पडेपर्यंत ताण दिला तर उलटेच होते. थंडी पालकाला मानवते, तेव्हा ‘क’ चांगले भरते. कडक उन्हाळ्यात तो फुलोऱ्यावर जातो आणि पाने राठ होतात.

काढणीच्या वेळेबाबत मात्र पेच आहे. दिवसभर ऊन खाल्लेल्या पानात दुपारनंतर साखर जास्त आणि नायट्रेट कमी असते, पण तापलेले पान कापले की लगेच कोमेजते, आणि कोमेजताना ‘क’ सर्वात वेगाने नष्ट होते. लगेच शिजवायची असेल तर भाजी संध्याकाळी काढावी. लांब पाठवायची असेल तर पहाटे काढून लगेच सावलीत न्यावी आणि थंड करावी. पालकाला ० ते २ अंश तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता हवी. साध्या हवेत जुड्या दोन दिवस पडून राहिल्या, तर शेतात राखलेले बरेचसे ‘क’ तिथेच जाते.

आपला,
एक वाचक