मागचा डिरेलर वाचवणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

उभी करून ठेवलेली माझी इलेक्ट्रॉनिक गिअरची रोड बाइक वाऱ्याने उजव्या अंगावर पडली आणि मागचे गिअर पडायचेच बंद झाले, तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. त्याआधी एका ठिकाणी सायकलला हातही न लावता ‘मोटर गेली आहे, अख्खा डिरेलर बदलावा लागेल’ असा निकाल मिळाला होता; डिरेलर म्हणजे चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग. तुम्ही तो निकाल मानला नाही आणि खोडूनही काढला नाही. एकेक शक्यता तपासून बाजूला काढत गेलात. त्याबद्दल तुमचे आभार चारचौघांत मानावेत, म्हणून हे पत्र.

तुमचा पहिलाच प्रश्न पुढच्या डिरेलरबद्दल होता, आणि तो व्यवस्थित चालतो म्हटल्यावर तुम्ही बॅटरीचा संशय जवळजवळ मिटवलात. माझ्या सायकलवरच्या डाय-टूमध्ये, म्हणजे शिमानो कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक गिअरमध्ये, बॅटरी उतरू लागली की आधी पुढचा डिरेलर थांबतो, त्यानंतर मागचा थांबतो आणि ज्या गिअरवर असेल तिथेच राहतो. त्यामुळे पुढचा चालू आणि मागचा बंद ही उतरलेल्या बॅटरीची खूण नव्हे, हे तुम्ही मला नीट समजावलेत. तरीही खात्रीसाठी लिव्हरचे बटण दाबून धरायला लावलेत आणि जंक्शन बॉक्सवरचा (वायरी जोडणाऱ्या छोट्या डबीवरचा) हिरवा दिवा न लुकलुकता स्थिर लागतो ना, हे पाहायला सांगितलेत. मागच्या डिरेलरमध्ये जाणारी वायर खट्ट असा आवाज होईपर्यंत आत बसलेली आहे, हेही तपासून झाले.

मग तुम्ही सायकल पडल्याच्या गोष्टीकडे वळलात. जोराचा धक्का बसला की मागच्या डिरेलरमधली मोटर आणि त्याला हलवणारे सांधे यांचा संबंध मुद्दामच सुटतो, म्हणजे आतली यंत्रणा मोडत नाही. मात्र बाहेरून पाहणाऱ्याला डिरेलर मेल्यासारखाच वाटतो. जंक्शन बॉक्सचे बटण ५ सेकंदांहून अधिक वेळ दाबून धरायचे आणि पेडल फिरवायचे, एवढाच त्यावर उपाय होता. मी पेडल फिरवले, आणि डिरेलर कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर, सरकू लागला. बदलायला निघालेला सुटा भाग पूर्णपणे शाबूत होता.

इथे दुसऱ्या कुणीही फोन ठेवला असता. तुम्ही मात्र मधल्या गिअरवर येणारी चेनची खरखर फोनवरून ऐकलीत आणि बटणांनी गिअर जुळवून ती घालवायला लागलीच मनाई केलीत. या पत्रात मला सर्वांत जास्त हेच सांगायचे आहे. केबलच्या गिअरमध्ये केबल ताणली जाते, तिच्या आवरणात घाण साचते, म्हणून वरचेवर जुळवणी करण्याची आपल्याला सवय लागलेली असते. डाय-टू २००९ मध्ये शिमानोच्या ड्युरा-एस या गिअर-संचावर आले, त्यात मागच्या डिरेलरला ओढणारी केबलच नाही. तेव्हा एकदा नीट लावलेले गिअर आपोआप सहसा बिघडत नाहीत आणि बिघडले, तर काहीतरी वाकले आहे, सैल झाले आहे किंवा झिजले आहे, असे धरून धातूकडे पाहायचे. इलेक्ट्रॉनिक जुळवणीने वाकलेला भाग सरळ होत नाही, फक्त काही गिअरपुरता झाकला जातो.

तुमच्या सांगण्यावरून मी सायकलच्या मागे जाऊन, डोळे कॅसेटच्या उंचीला आणून पाहिले. डिरेलरच्या वरची आणि खालची पुली, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती छोटी चाके, एका उभ्या रेषेत असायला हव्या होत्या. खालची पुली स्पष्टपणे चाकाच्या स्पोककडे झुकलेली होती. डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा, म्हणजे हँगर, आत वाकला होता. तशा अवस्थेत चेन सर्वांत मोठ्या दातेरी चकतीवर नेली असती, तर डिरेलर स्पोकमध्ये अडकून चाक आणि फ्रेम दोन्हींचे नुकसान झाले असते, म्हणून ‘त्या गिअरवर अजिबात जायचे नाही’ असे तुम्ही दोनदा बजावलेत. त्या बजावण्याचे मोल मला नंतर, तुमच्याकडे हँगरला मोजपट्टी लावल्यावर कळले. तुम्ही स्वतः ती मोजपट्टी हँगरच्या आट्यांत बसवून, रिमभोवती वर, खाली, पुढे, मागे फिरवून प्रत्येक ठिकाणचे अंतर सारखे केलेत. त्यानंतरच जुळवणीला हात घातलात: मधल्या चकतीवर चेन ठेवून, शेजारच्या मोठ्या चकतीला ती जेमतेम घासेपर्यंत आत, आणि मग काही पायऱ्या परत बाहेर. प्रत्येक पायरीला मोटरचा तो बारीकसा आवाज येत होता आणि खरखर विरत गेली.

बिनतारी गिअर वापरणाऱ्या माझ्या मैत्रिणीलाही तुम्ही त्याच पद्धतीने मदत केलीत. स्रॅम कंपनीच्या बिनतारी गिअरमध्ये पुढच्या आणि मागच्या डिरेलरची बॅटरी एकसारखी असते. दोन्हींची अदलाबदल करा आणि दोष बॅटरीबरोबर जागा बदलतो का ते पाहा, असे तुम्ही सुचवलेत. तो बदलला, आणि शोध तिथेच संपला.

काका, सायकल आता सगळ्या गिअरवर शांतपणे चालते. सरळ केलेला ॲल्युमिनियमचा हँगर पूर्वीइतका भरवशाचा राहत नाही, हे तुमचे म्हणणे लक्षात ठेवून मी त्याच मॉडेलचा नवा हँगर मागवला आहे. नवाही मोजपट्टी लावल्याशिवाय वापरायचा नाही, असे तुम्ही म्हणाला होतात. तो हाती आला की सायकल घेऊन तुमच्याकडे येईन.

आपला कृतज्ञ,
तुमच्या मदतीने सावरलेला एक सायकलस्वार