धाबा टाकणाऱ्या मित्राला

देवास नाका, इंदूर
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. उमराण्याच्या पुढे, मुंबई-आग्रा हायवेला लागून असलेल्या वावरात धाबा टाकतोयस हे फार बरं केलंस. कांद्याच्या भावाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा हे कधीही चांगलं. हायवे प्राधिकरणाची रस्त्याची परवानगी मात्र आधी हातात घे. नाहीतर उद्या तुझ्या दारासमोरच कठडा उभा राहील आणि गाड्या हात हलवत निघून जातील.

तू दोन गोष्टी विचारल्यास. ट्रकवाल्यांना 'सर्व्हिस' म्हणून नक्की काय पाहिजे असतं? आणि तुझा पुण्याचा भाचा म्हणतो तशी गल्ल्यावर टिपची पेटी ठेवायची का, बिलात सर्व्हिस चार्ज लावायचा का? माझा ट्रक आज काही खाली होत नाही, पुढे रांग मोठी आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

सर्व्हिस चार्जचं पहिल्यांदा मिटवून टाकू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगून ठेवलंय की हॉटेलवाल्याने बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने लावायचा नाही, आणि गिऱ्हाईक नाही म्हणालं तर अडवायचं नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले होते. दिल्ली हायकोर्टाने २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. जीएसटी वेगळा, तो सरकारचा. भाच्याला हे सांग. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, बिलात ती ओळ दिसली की ड्रायव्हर पैसे देईल, पण सेंधव्यापर्यंतच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर तुझ्या नावाने खडे फोडील.

आता टिपचं. तू म्हणतोस, शेजारचा हॉटेलवाला सांगतो की कारवाले टिप ठेवतात, ट्रकवाले दमडी ठेवत नाहीत. गल्ल्यावर बसून त्याला तसंच दिसणार. पण ड्रायव्हरच्या खिशाचा प्रवास बघ जरा. माल भरायला गेला की कंपनीच्या गेटवरचा वॉचमन आधी नंबर लावायचे मागतो. आत हमाल भराईचे पैसे घेतात, वर चहाला वेगळे. खाली करायला गेला की वाराई, म्हणजे माल उतरवायची हमाली. माल शेटचा, गोडाऊन व्यापाऱ्याचं, आणि उतरवायचे पैसे गाडीवाल्याने द्यायचे! 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणून आमच्या संघटना वर्षानुवर्षं ओरडताहेत. वजनकाट्यावरचा पोरगा, बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) शिक्का मारणारा मुनीम, रस्त्यात हात दाखवणारे साहेब, यांचं काय सांगू? प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, चहापाणी. दिलं नाही तर गाडी तिथेच उभी. जो माणूस दिवसभर असा सोलून निघतो, त्याच्यापुढे रात्री जेवताना कोणी पेटी सरकवली तर त्याला काय वाटेल?

त्यात पैसा कुठला देतो हेही बघ. आमच्यापैकी बऱ्याच जणांची खर्ची ट्रिपवर ठरलेली असते. टोल आता फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून जातो, डिझेल कार्डावर. पूर्वी हातात नोटांची गड्डी असायची, त्यातून इकडचं तिकडे करता यायचं. आता खाण्यापिण्याचे मोजके पैसे उरतात. तर ड्रायव्हर वेटरला वीस रुपये देतो ते त्याच्या उद्या सकाळच्या पोह्यातले असतात. म्हणून तो प्लेटीत ठेवत नाही. कोणाला द्यायचे ते बघून देतो.

कोणाला, ते सांगतो. पळासनेरच्या अलीकडे एका धाब्यावर मी नेहमी थांबतो. पुढे बिजासनीचा घाट, म्हणून दोन-तीन तास पाठ टेकायची आणि पहाटे घाट चढायचा असा माझा रिवाज. तिथे एक पोरगा आहे, विशी-बाविशीचा. रात्री झोपताना त्याला सांगायचं, "तीनला उठव." घड्याळ बघून तीनला तो येतो. ओरडत नाही, कारण शेजारच्या खाटेवरच्या माणसाला पाचला उठायचं असतं हे त्याच्या लक्षात असतं. पायाचा अंगठा धरून हलवतो, उठून बसेपर्यंत उभा राहतो. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात चहा. मागे एकदा चहा देता देता म्हणाला, "दादा, तुमच्या टाकीपाशी एक जण दोनदा घुटमळत होता, मी बॅटरी मारली तसा पळाला." डिझेलची चोरी झाली तर ती आमच्या पगारातून कापली जाते, हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. मी पन्नासची नोट त्याच्या हातात कोंबली. बिल मी रात्रीच गल्ल्यावर देऊन टाकलं होतं, मालक घोरत होता. आता सांग, त्या मालकाला विचारलंस तर तो काय म्हणेल? ट्रकवाले टिप देत नाहीत म्हणेल.

दुसरा घोटाळा मोबाईलने केलाय. पूर्वी बिल व्हायचं १८७, आपण दोनशेची नोट द्यायची, बडीशेपेच्या प्लेटीत तेरा रुपये परत यायचे, त्यातले दहा तिथेच राहायचे आणि वेटर उचलायचा. आता क्यूआर मारला की बरोब्बर १८७ जातात, तेही मालकाच्या खात्यात. दोनशे पाठवले तरी वरचे तेरा पोराला मिळतील याची खात्री कोण देणार? माझा स्वभाव संशयी आहे हे तुला माहीत आहेच, पण इथे मी एकटा नाही. लाईनवरच्या कोणालाही विचार. त्यामुळे पोरांची वरकमाई आटलीय, आणि दोष मात्र ट्रकवाल्यांच्या कंजूषपणाला.

म्हणून पेटी नको. पेटीची किल्ली मालकाकडे असते, एवढंच तिच्याकडे बघून दिसतं. त्यापेक्षा पोरांचा एक वेगळा क्यूआर लाव, त्यांच्यातल्याच एकाच्या खात्याचा, आणि तुझ्या क्यूआरपासून लांब, हात धुवायच्या जागेपाशी. भांडणं होतील, होऊ दे, ती त्यांची त्यांनी मिटवावी. हातात दिलेली नोट ज्याला दिली त्याची, त्यात वाटणी नको. मात्र भट्टीवरचा माणूस आणि मागे भांडी घासणारी बाई यांच्यापर्यंत गिऱ्हाईक कधी पोचतच नाही. त्यांचं तुला तुझ्या गल्ल्यातून बघावं लागेल. आणि पोरांचं वय बघून घे. चौदाच्या खालच्याला धाब्यावर ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, तरी 'छोटू' अजून दिसतात. तुझ्याकडे दिसला तर मी चहासुद्धा पिणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

जाता जाता एक गंमत. आमच्या लाईनवर एक सरदारजी आहे, त्याचा पुतण्या अमेरिकेत ट्रक चालवतो. तिकडे म्हणे टेबलावर पंधरा-वीस टक्के ठेवले नाहीत तर वेटरचं तोंड वाकडं होतं. मला आधी हावरटपणा वाटला. मग कळलं की तिकडच्या केंद्राच्या कायद्यात टिपवाल्या कामगाराचा किमान पगार तासाला २ डॉलर १३ सेंट एवढाच आहे, तोही १९९१ पासून जसाच्या तसा. काही राज्यं जास्त देतात, पण मूळ आकडा तो. म्हणजे मालकाने द्यायचं ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात. आपल्याकडे तो रिवाज नको. पोराला पगार तू दे, टिप आमची आम्ही बघू.

आता सर्व्हिस. शहरात सर्व्हिस म्हणजे पाणी कोणी किती वाकून ओतलं. ड्रायव्हरची सर्व्हिस तो केबिनमधून उतरायच्या आधीच सुरू होते. गाडी आत घेता येते का, आणि मुख्य म्हणजे वळवून बाहेर काढता येते का? ट्रेलर रिव्हर्स घ्यावा लागणार असेल तर तो थांबतच नाही. पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून मुरूम टाक, रोलर फिरव. यात काटकसर करू नकोस, एक लोडगाडी रुतली की बातमी भिवंडीपर्यंत जाते. खाटा अशा लाव की पडल्या पडल्या आपली गाडी दिसली पाहिजे. दिवे गाड्यांवर टाक, खाटांवर नको.

पाणी. हौद मोठा बांध, बाजूला फरशी, आणि कपडे टांगायला खुंट्या. खुंट्या कोणीच लावत नाही! ओला टॉवेल दातात धरून आंघोळ करणारे ड्रायव्हर मी रोज बघतो. तेल कंपन्यांनी पंपांवर 'अपना घर' म्हणून ड्रायव्हरांसाठी सोय केलीय, झोपायला जागा, आंघोळ, स्वतःचं स्वतः शिजवायलाही जागा. तुझी स्पर्धा त्यांच्याशी आहे हे ध्यानात ठेव. राजस्थानी आणि मद्रासकडचे ड्रायव्हर बऱ्याचदा स्वतःच स्टोव्हवर शिजवतात. त्यांना पाण्यावरून हाकलू नकोस. आज फुकट पाणी नेतील, उद्या चहा घेतील, परवा रोटी.

जेवणाचं तुला मी काय सांगू, वहिनींच्या हातची शेवभाजी मी खाल्लीय. फक्त रात्री बारानंतर तर्री कमी ठेव. पुढे गाडी चालवायची असते, पोटात आग घेऊन घाट उतरता येत नाही. रोट्या दोन-दोन करून गरम आण, चार एकदम आणून टोपलीत थंड करू नकोस. हाफ प्लेट ठेव, एकटा माणूस फुल प्लेटचं काय करणार? भट्टी रात्रभर चालू राहिली पाहिजे. दोन वाजता आलेल्याला "फक्त अंडाभुर्जी मिळेल" म्हणणारे धाबे पुष्कळ आहेत. मागच्या दाराने दारू ठेवलीस तर गल्ला वाढेल, पण मग मी तुझ्याकडे गाडी लावणार नाही आणि माझ्या ओळखीच्यांनाही सांगणार नाही.

तुझ्या मनात 'एसी फॅमिली सेक्शन' आहे. सुरू कर, हरकत नाही. पण मागे धुळ्याच्या अलीकडे एका चकाचक हॉटेलात लुंगी-बनियनवर गेलो तर दारावरच्याने माझ्याकडे न बघताच बोट केलं, "ट्रकवाले पीछे." मागे पत्र्याखाली बाकडी, मोरीशेजारी. बिल आलं ते पुढच्याच दराचं! उठताना वेटर घुटमळला, टिपेसाठी. त्या पोराचा काही दोष नव्हता, तरी माझा हात खिशात गेला नाही. तेव्हा बसायची जागा वेगळी ठेवायची तर ठेव, पण ती पण सावलीची आणि स्वच्छ असू दे, आणि पोरांना एवढं शिकव की "ए ड्रायव्हर" नाही म्हणायचं. दादा म्हण, काका म्हण, उस्ताद म्हण.

आणि ट्रॅव्हल्सच्या बसच्या नादी लागू नकोस. बसवाल्या ड्रायव्हर-क्लीनरला फुकट जेवण द्यावं लागतं, ते पॅसेंजरच्या वड्यात वसूल होतं. मग वडा महागतो, चहा महागतो आणि ट्रकवाला दर बघूनच पुढे जातो. दोन्ही गिऱ्हाइकं एका छताखाली टिकलेली मी क्वचितच पाहिली. ट्रकवाल्याला फुकट काही नको. दर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिही, सगळ्यांना एकच. काच पुसायला बादलीभर पाणी आणि निघताना बाटली भरून दिलीस तरी पुष्कळ.

समृद्धी महामार्गामुळे आपला आग्रा रोड ओस पडेल अशी तुला भीती वाटते. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ ला पुरता खुला झाला खरा, पण तिथे चहाला थांबायची मारामार हीच ड्रायव्हरांची पहिल्यापासूनची तक्रार. शिवाय इंदूर-दिल्लीचा माल जायचा तो तुझ्याच दारावरून. दुसरी भीती खरी आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झालीय. हळूहळू लोक केबिनमध्येच झोपायला लागतील, म्हणून खाटा सुरुवातीला डझनभरच घे.

नवारीच्या घे, सुतळीच्या नकोत, ढेकूण होतात. सांगाडा लोखंडी पाइपाचा. मालेगावात एक वेल्डिंगवाला माझ्या ओळखीचा आहे, ऑर्डर द्यायच्या आधी मला फोन कर, मी भाव करून देतो. बोअरला पाणी किती फुटांवर लागलं तेही कळव, कारण कमी असेल तर हौदाचा आकार बदलावा लागेल. वहिनींना नमस्कार, आईंच्या गुडघ्यांचं काय झालं ते लिही.

तुझा,
अण्णा